स्टूलकाकांची पावलं

चालण्यासारखं औषध नाही, हे पाणीपुरवठा कार्यालयाच्या हेडक्लार्कांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की लोक त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे पावलेसाहेब म्हणत. गुडघा दुखतोय? चाला. झोप येत नाही? चाला. बायको बोलत नाही? मग तर चालाच, तिचा राग उतरेपर्यंत परत येऊ नका. चालल्याने डोकं हलकं होतं, अन्न पचतं, मन थाऱ्यावर येतं, असं ते खुर्चीत रेलून सांगायचे. पण खोटं कशाला बोला, सकाळी हा माणूस खरंच तासभर चालायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण साहेबांनी वरून मंजुरी आणली, सगळ्यांच्या मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं बांधली आणि ऑफिसच्या भिंतीवर एक पडदा लावला. कोण किती चाललं ते घटकेघटकेला नावानिशी पडद्यावर उमटायचं. पहिलं नाव अर्थातच साहेबांचं.

शेवटचं नाव स्टूलकाकांचं. काका नळांचे नकाशे काढायचे. एकतीस वर्षं एकाच उंच स्टुलावर बसून त्यांनी गावभर पाणी फिरवलं, स्वतः मात्र जेवायलासुद्धा खाली उतरले नाहीत. साहेब हात धुऊन त्यांच्या मागे लागले. रोज स्टुलापाशी जाऊन टोमणे मारायचे. शेवटी कंटाळून काका उतरले आणि संध्याकाळी चालत घरी जाऊ लागले. दोन महिने चालले. तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, पेपर वाचता वाचता गेले.

उघड कोणी काही बोललं नाही. पण साहेब चहाला आले की चाललेलं बोलणं थांबायचं. एकदा जिन्यात त्यांच्या कानावर पडलंच की, चांगला बसला होता बिचारा, यांनी चालवून चालवून मारला. तेव्हापासून घास घशाखाली उतरेना. आपण मारलं का त्या माणसाला? हे विचारायचं कोणाला, आणि उत्तर हो आलं तर करायचं काय?

अशातच, काका जाऊन सोळा दिवस झाले असताना, एका संध्याकाळी पडद्यावर काकांच्या नावापुढचा आकडा वाढला.

आधी एक पाऊल. मग अकरा. मग शंभर. संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी आधी तारा तपासल्या, मग स्वतःचा चष्मा. दोन्ही ठीक होते. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत काका सहा हजार पावलं चालून आले आणि थांबले. दुसऱ्या दिवशी सात हजार. जिवंतपणी एवढे कधी चालले नव्हते!

नाव काढून टाका, असं साहेबांनी बाईंना सांगितलं. बाईंनी साफ नकार दिला. तुम्हीच घातलंय, तुम्हीच काढा, म्हणाल्या. साहेबांचाही हात धजावेना. नकाशाच्या खोलीत जायला शिपाई कां कूं करू लागला, कारण आत स्टूल करकरतं असं त्याचं म्हणणं. आणि यादीत तर कहर झाला. मेलेला माणूस आपल्या मागे लागलाय म्हटल्यावर चालायची हिंमत कोणाला व्हावी? जो तो पावलं कमी करून काकांना पुढे जायला वाट देऊ लागला. मोठ्या माणसाला आधी जाऊ द्यावं, असं वर तोंड करून सांगायचा. लोकांनी जिने सोडले, लिफ्ट धरली. आठवड्याभरात सगळी कचेरी खाली आणि काका दुसरे.

पुढे उरले एकटे साहेब. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते पडद्यासमोर उभे राहिले. काका पाचशे पावलांनी मागे होते. चारशे. तीनशे. साहेब घाबरून टेबलांभोवती येरझाऱ्या घालू लागले, तरी अंतर कमीच होत गेलं. मग त्यांना आठवलं की घड्याळवाला कुठे चालतोय तेही यंत्रात दिसतं. त्यांनी नकाशा उघडला. लाल रेघ काकांच्या घरापासून निघून तळ्याला वळसा घालून सरळ कचेरीकडे येत होती. मागचे सगळे दिवस पाहिले. रोज तीच वाट, कचेरीच्या फाटकापर्यंत आणि तिथून माघारी.

रेघ फाटकाशी येऊन थांबली, आणि साहेबांनी खिडकीतून पाहिलं. थंडीचे दिवस, सहालाच अंधारून आलेलं, धुक्यात दिवा पिवळा पडलेला. दिव्याखाली काकांचा तपकिरी कोट उभा होता. वर त्यांचीच कानटोपी. तोंड कचेरीकडे.

घरी जायला दुसरा रस्ता नव्हता. साहेब जिना उतरले, फाटकातून मान खाली घालून निघाले आणि चार पावलांत त्यांनी धूम ठोकली. मागून पावलं वाजू लागली. साहेब जोरात, तर तीही जोरात. वळणावर नळांच्या ढिगाऱ्याला पाय अडकून ते पालथे पडले आणि डोळे गच्च मिटून म्हणाले, "काका, चुकलो. मला काय माहीत तुम्ही मराल ते!"

"अहो साहेब, लागलं का? असे पळालात कशाला, म्हणून मागे आले."

आवाज बाईचा होता. कानटोपीच्या आत काकांच्या बायकोचा चेहरा होता. धाप बिलकुल लागलेली नव्हती.

तिथेच ढिगाऱ्यावर बसून वहिनींनी सांगितलं. काका चालत घरी यायला लागले तेव्हा त्या रोज फाटकाशी न्यायला यायच्या. आता घरात बसवत नाही. म्हणून त्यांचा कोट घालून आणि घड्याळ बांधून फाटकापर्यंत येतात आणि परत जातात. तेवढ्याने रात्री झोप लागते.

साहेबांनी सगळा धीर एकवटला. "वहिनी, खरं सांगा. मी त्यांना चालवलं म्हणून गेले का ते?"

"त्यांचं हृदय दहा वर्षांपासून खराब होतं. डॉक्टरही म्हणायचे, चाला म्हणून. ऐकतील तर शपथ." वहिनींनी कोटाची बाही सारखी केली. "एकतीस वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले नाहीत ना, तेवढं त्या दोन महिन्यांत बोलले. चालता चालता. तुम्ही उठवलं नसतं तर ते मला मिळालं नसतं."

साहेबांना रडू कोसळलं. वहिनींनी त्यांना उठवलं, माती झटकली आणि एकच अट घातली की कोणाला सांगू नका. लोक पुन्हा धीर द्यायला घरी येऊन बसतील, आणि मलाही बसवतील. साहेबांनी वचन दिलं आणि उद्यापासून सोबत येतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, या, पण जरा पाय उचलून.

दुसऱ्या दिवशी काम लांबलं, म्हणून संध्याकाळी सहाला सगळी कचेरी निघायच्या बेतात खिडकीशी उभी होती. सगळ्यांनी पाहिलं. धुक्यात काकांचा कोट फाटकाशी आला. पावलेसाहेब हसत हसत त्याच्याजवळ गेले, नमस्कार केला, आणि दोघं गप्पा मारत तळ्याच्या दिशेने दिसेनासे झाले. साहेब बरेच मागे पडलेले, धापा टाकत.

पडून दुखावलेला साहेबांचा गुडघा हल्ली दुखत नाही, घासही उतरतो. यादीत काका पहिले, साहेब दुसरे. चालण्याचे फायदे ते अजून सगळ्यांना सांगतात आणि कचेरी मुकाट्याने ऐकून घेते. फक्त त्यांनी एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून "येतोस का संध्याकाळी आमच्याबरोबर?" असं विचारलं, की त्या माणसाला दरदरून घाम फुटतो. साहेबांच्या मते चालण्याचा तोही एक फायदाच आहे.