झाड अजून लहान आहे

“मास्तर, जांब पिकून मातीत पडाय लागलेत, अन् तुमी म्हणता झाड अजून लहान हाय?”

बेंबळीचे भुसार व्यापारी महालिंगअप्पा येडशी स्टेशनाच्या कुंपणापाशी उभे राहून विचारत होते. पेरूला आमच्याकडं जांब म्हणतात.

“लहानच आहे,” स्टेशनमास्तर हस्केलकाका म्हणाले. “पहिली तीन वर्षं झाडाचं फळ खायचं नसतं. आमचा धर्म सांगतो. चौथ्या वर्षी आधी देवाला, मग माणसांना.”

“अन् पाखरं खातेत ते?”

“पाखरांना धर्म नाही. घाई कोणाला आहे?”

हे वाक्य स्टेशनमास्तरच्या तोंडी शोभत नाही. पण गाडी उशिरा आली तरी काका हेच म्हणत, आणि वेळेवर आली तर जरा नाराज दिसत.

काका अलिबागकडचे बेने इस्राएल. बोलणं आपलंच मराठी, पण आमच्या गावात यहुदी तेवढे एकटेच. शनिवारी धर्माप्रमाणं घरात चूल पेटवत नसत. गाडीला मात्र हिरवी झेंडी दाखवत. “इंजिनातला विस्तव कंपनीचा,” म्हणत. निजामाचे करोडगिरीवाले जकातीसाठी उतारूंची गाठोडी तपासत, तसे काका आपण लावलेल्या पेरूखालून जाणाऱ्यांचे खिसे तपासत. माणसंही ते झाडांच्याच मापानं मोजत. नवा हमाल आला की, “फांद्या फार, मूळ कमी.”

माझे वडील त्याच स्टेशनात मालबाबू. मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून परत आले होते आणि कुणाशीच बोलत नव्हते. तिथं मराठी बोललं की शिक्षा होई. इथं बोललं की माझ्या मोडक्या मराठीला बाया हसत. दुपारी फलाटावरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची. “पोरगी मुकी हाय का हो?” असं कुणी विचारलं की काका माझ्याकडं न बघता सांगत, “मुळं धरतेय. तिचं फळ आत्ताच मागू नका.” मला झाडांच्या रांगेत बसवलं म्हणून राग येई. पण मग कुणी छळत नसे, हेही खरं.

चौथ्या वर्षी पेरूला बहर आला तेव्हा काकांनी पितळेचं मोठं ताट चिंचेनं घासून ठेवलं. त्यांच्यात एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं.

“आजवर ताटात बाजारचीच फळं,” ते वडिलांना म्हणाले. “जिथं जिथं झाड लावलं, तिथून चौथ्या वर्षाआधी बदली.”

फळं सुपारीएवढी झाली आणि बदलीचा हुकूम आला, याच लायनीच्या पार दुसऱ्या टोकाला.

“वरती अर्ज करा,” वडील म्हणाले.

“घाई कोणाला आहे?” काका सवयीनं बोलून गेले.

सामान चढवून झाल्यावर ते झाडापाशी गेले. एक हिरवं फळ चिमटीत धरलं, सोडून दिलं. गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर सुटली.

पहिला पेरू पिवळा झाला, तेव्हा अप्पा गाडीला आले होते. त्यांना तो लांबूनच दिसला.

“मास्तर तर गेले,” हात वर करत ते म्हणाले. “आता वय झालं न्हवं याचं?”

गाडी फलाटावर उभी होती. मी पुस्तक बाकावर ठेवलं आणि उठले.

“अप्पा, हात खाली घ्या. पहिला काकांच्या ताटाचा. याच गाडीनं जाणार आहे.”