चित्रातली बाई कोण?

पार्सल फोडताना दीनानाथरावांना वाटलं होतं, लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाला घड्याळबिड्याळ पाठवलं असेल. निघालं चित्र. अंतरा पुण्याला चित्रकला शिकत होती आणि हे स्क्रीन प्रिंट तिनं स्वतः केलं होतं. चार चौकोन. दोनांत निळ्या चेहऱ्याचा, पिवळ्या मिशीचा पुरुष. दोनांत गुलाबी चेहऱ्याची, हिरव्या केसांची बाई. गालभर ठिपके, लालभडक ओठ आणि वर फुग्यात ठळक अक्षरं : ‘प्रेम? आपलं? हो ना!’

त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई चित्राजवळ गेल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या.

"हे तुम्ही. बराबर ओळखू येऊन राह्यले. पण ही बाई कोण?"

"कोण म्हंजे? तूच की."

"माझा तीळ डाव्या गालाला हाये, हिचा उजव्या. नाकबी माझं न्हाई."

अंतराचा फोन बंद होता; प्रेमलाबाईंनी निरोप टाकून ठेवला. शेजारच्या चांगुणाबाई डोकावल्या. "गोवर आल्ता का हिला?" त्यांनी ठिपके निरखले. "पण प्रेमला, ही तू न्हाईस. बिलकुल न्हाई."

दीनानाथराव नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत शेतकऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं देत. कुठलाही प्रश्न तसाच सोडणं त्यांच्या जिवावर येई. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "नाकावरून तर आमच्या कॉलेजातल्या मीनासारखी वाटती."

चांगुणाबाई खुर्ची ओढून बसल्या.

"कोण मीना?" प्रेमलाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं, आणि दीनानाथरावांना त्याचीच भीती वाटली.

"होती एक. घनसावंगीला दिली तिला. बसस्टँडमागं घर हाये."

"घरबी ठाऊक?"

रात्री जेवताना प्रेमलाबाईंनी मीनाचे केस विचारले, झोपताना उंची. सकाळी त्या चित्र चादरीत गुंडाळून तयारच होत्या. "चला. मला एकदा बघायचंय."

घनसावंगीच्या जीपमध्ये चित्र सगळ्यांच्या मांडीवरून फिरलं. मिशी दीनानाथरावांचीच, यावर एकमत झालं. बाईवर शेवटपर्यंत झालं नाही.

मीनाताईंनी दार उघडलं, दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि प्रेमलाबाईंनी ‘ही तुम्हीच का?’ विचारताच चित्र पाहून खळखळून हसल्या. "ही मी? बाई गं!" मग दीनानाथरावांकडे वळल्या. "पण आपण कोण, भाऊ?"

दीनानाथरावांनी पेला खाली ठेवला. "मी दीनानाथ. तुमची सायकल पंक्चर झाल्ती, मी स्टँडपर्यंत ढकलत नेल्ती..."

"ती संपतनं नेल्ती ना?"

"संपत नुसता सोबत चालत होता!"

मीनाताईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "न्हाई बा. काही आठवत न्हाई."

दीनानाथरावांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे बघता बघता प्रेमलाबाईंच्या कपाळावर आठी चढली.

"असं कसं आठवत न्हाई? एवढ्या उन्हात सायकल ढकलली ह्यांनी! तव्हा केसबी दाट होते. नीट बघा की जरा!"

तेवढ्यात प्रेमलाबाईंचा फोन वाजला. अंतरा होती. "आई, प्रदर्शनाच्या गडबडीत फोन बंद होता गं, आत्ता तुझा निरोप मिळाला. चित्रातली तूच आहेस! छापताना तुझ्या चेहऱ्याची फिल्म उलटी लागली, म्हणून तीळ तिकडं गेला. नाक माझ्याकडून बिघडलं."

"ते राहू दे," प्रेमलाबाई कडाडल्या. "आधी ह्या बाईला सांग, तुझे बाबा कोण हायेत ते!"