पाखरवन फळाची पाटी उतरविली त्याची बखर

श्री. ज्याने वस्तू आधी निर्मिली आणि नाव मागाहून पडू दिले, त्या कर्त्यास प्रथम नमन. त्याउपरि नाक, डोळे, जिव्हा या तीन खऱ्या साक्षीदारांस नमन. लिहिणाराचा राग हातात उतरोन अक्षर वाकडे आले तरी वाचणाराने सोसावे. पूर्वेकडे, उत्तरेस लांब भिंत आणि मधून पिवळी नदी, ऐसे एक थोर राज्य होते. त्याचे नाव येथे घालीत नाही, कारण नावांपायीच पुढील अनर्थ जाहला. त्या राज्याच्या गणनेने सन तीनशे सतरा, व्याघ्र संवत्सर, शरद ऋतू, ते समयीची हकीकत लिहितो.

त्या राज्यात राजवाड्याच्या डाव्या अंगास नावघर म्हणोन एक लांबलचक दालन होते. महाराजांचे आजोबा थोर पुण्यश्लोक, त्यांणी पंडितांस विचारिले की, जगात वस्तू किती, आणि पंडितांनी सांगितले की, दहा हजार, पूर्वजांनी तैसेच म्हटले आहे. मग आजोबांनी भिंतीवर दहा हजार खुंट्या ठोकविल्या, आणि प्रत्येक खुंटीस एक लाकडी पाटी, आणि पाटीवर एक नाव, आणि पाटीखाली फळीवर ती वस्तू किंवा तिचे चित्र, ऐसा बंदोबस्त केला. हुकूम ऐसा की, एका वस्तूस एक नाव, एका नावास एक वस्तू, आणि दहा हजारांवर एक खुंटी कोणी ठोकील तर त्याचा हात उतरावा. ज्या वस्तूस खुंटी नाही ती राज्यात नाही, आणि जी राज्यात नाही तीस राज्याची जमीन अडविण्याचा हक्क नाही. हे शहाणपण की वेड हे वाचणारानेच ठरवावे. आम्ही त्या दालनात तीस वर्षे शिडी वाहिली आहे, आमचे मत आम्हांस ठाऊक.

त्या दहा हजारांत सहाशे बाराव्या खुंटीवर पाखरवन ऐसे नाव होते. आज ज्यास सफरचंद म्हणतात त्याच्याच कुळातले हे जुने फळ, लिंबाएवढे, पिवळ्यावर लाल झाक, कातडे पातळ, गर मऊ. पिकले म्हणजे रानातली पाखरे झाडावर उतरोन फांदी दिसेनाशी करीत, म्हणोन लोकांनी नाव ठेविले पाखरवन. कोणा पंडितास विचारोन ठेविले नाही. त्या देशी हे फळ खाण्याचे थोडे आणि वासाचे फार. वाडगाभर फळे उशाशी ठेवावी, आणि महिनाभर खोलीत सुवास दरवळावा, ऐसी चाल गरिबापासोन महाराजांपर्यंत सर्वत्र होती. मुलगी सासरी निघाली म्हणजे कपड्यांच्या पेटीत दोन पाखरवने टाकावयाची. म्हातारा आजारी पडला म्हणजे भेटीस जाणाराने हातात पाखरवन घेऊन जावयाचे. त्याची मोठी बाग नदीकाठी माओ शिऊ नामे विधवेची होती. तीस सारे शिऊमावशी म्हणत. सासऱ्याने लाविलेली एकेचाळीस झाडे तिने पोटच्या पोरांसारखी वाढविली, आणि फळीवर ठेवावयास दर शरदात ताजे फळ ती स्वतः आणोन देत असे.

नावघराचे अधिकारी दु कोंग. विद्वत्ता अफाट, पाठांतर अचाट, आणि नाकात कसलीशी तपकिरी पूड दिवसातून वीस वेळां ओढावयाचे व्यसन. त्या पुडीने नाक इतके मेले होते की, शेजारी चूल पेटोन दाढी जळाली तरी डोळ्यांनी पाहिल्याविना कळले नसते. ऐसा पुरुष ज्या जागी बसला त्या जागी फळाचा निवाडा यावा, यास काय म्हणावे? उंटावरोन शेळ्या हाकणारे आम्ही बहुत पाहिले, परंतु हे तर डोळे मिटोन हाकणारे.

त्या साली पश्चिमेकडील वाळवंटापलीकडच्या राजाने वकील पाठविला, आणि वकिलाने नजराण्यात एक परडी फळे आणिली. मुठीत न मावतील ऐसी मोठी, लालभडक, तुकतुकीत, आणि चावली असता कडकड वाजणारी. दरबार पाहोन थक्क जाहला. वास मात्र काही नाही. धुतलेल्या दगडास जितका तितकाच. महाराज तेव्हां बाविशीचे, नवेच गादीवर आले होते. संतोषोन म्हणाले, "याचे नाव काय?" वकिलाने आपल्या भाषेतले काही सांगितले, ते कोणाच्या जिभेस वळेना. मग महाराजांनी दु कोंग यांस आज्ञा केली की, तीन दिवसांत यास नाव द्यावे, वकील परत जाण्यापूर्वी पाटी लागावी. आता खुंट्या तर भरलेल्या. नव्यास जागा द्यावयाची म्हणजे जुन्या कोणास तरी उठवावे लागणार. दु कोंग काठी टेकीत दालनात फिरले, आणि सहाशे बाराव्या खुंटीपाशी थांबले. फळीवरचे पाखरवन गेल्या शरदातले, वर्षभरात सुकोन सुरकुतले होते. शिऊमावशी ताजे आणावयास अजोन दहा दिवस अवकाश होता. दु कोंग यांणी ते सुकलेले बोटांत धरिले आणि म्हणाले, "हे पाखरवन? या नावास हे शोभते काय? फळाच्या खुंटीवर फळ बसवू. चढा शिडीवर." आणि शिडीवर आम्हीच चढलो. पाटी उतरवोन धूळ पुसोन परत लाविली, सुकलेले फळ खाली टाकिले, त्या जागी वकिलाचे लाल फळ मांडिले. हात आमचे होते, हे लपवीत नाही. आयत्या बिळावर नागोबा बसला, आणि नागोबास उचलोन बसविणारे आम्ही.

दहा दिवसांनी शिऊमावशी टोपली घेऊन आली आणि फळीवर परके फळ पाहोन उभी राहिली. मग तिने विचारिले, "हे कोण बसलंय इथं?" आम्ही खाली मान घालोन सांगितले की, मावशी, आता हेच पाखरवन. ती म्हणाली, "मग माझं कोण?" यास उत्तर दु कोंग यांणी दिले. ते म्हणाले, "बाई, तुझ्या फळास आता नाव नाही. म्हणजे ते राज्यात नाही. वसंत येण्यापूर्वी झाडे काढोन जमीन मोकळी करावी." ती म्हणाली, "सरकार, एकेचाळीस झाडं डोळ्यांपुढं उभी आहेत आणि राज्यात नाहीत म्हणता? तुम्ही एक वेळ वास तरी घेऊन बघा!" आणि टोपली त्यांच्या नाकाशी नेली. दालनातले सर्व कारकून मान वळवोन पाहो लागले, इतका सुवास सुटला. दु कोंग यांणी हुंगिले, आणि शांतपणे बोलिले, "काहीच येत नाही. फुकट डांगोरा." चोर सोडोन संन्याशास सुळी म्हणतात; येथे तर चोरास संन्याशाची कफनीही चढविली.

परंतु शिऊमावशी हटणारी बाई नव्हे. ती राजवाड्याच्या पायरीशी चार दिवस बसली, आणि पाचव्या दिवशी महाराजांनी बोलाविले. तिने हात जोडोन विनंती केली, "महाराज, मी अडाणी. वाद घालायला मला येत नाही. हे नाव पाखरांनी दिलंय, तर पाखरांनाच विचारा. दोन्ही फळं चौकात मांडा, आणि ती ज्याच्यावर उतरतील त्याचं नाव." महाराज हसले, आणि त्यांस ती गोष्ट आवडली. मग चौकात दोन तबके मांडिली, आणि सर्व मंडळी ओसरीवर गेली. घटकाभरात एक चिमणी आली, मग दोन, मग बुलबुल, मग थवा. आणि शिऊमावशीचे तबक दिसेनासे जाहले. लाल फळांवर एक कावळा बसला, त्याने चोच मारोन पाहिली, आणि उडोन तोही इकडे आला. मंडळींत हशा पिकला. आम्हांस वाटले, सत्य जिंकले. कैसे जिंकणार! दु कोंग पुढे येऊन म्हणाले, "महाराज, पाखरे नावासाठी उतरली नाहीत, पोटासाठी उतरली. पाखरांचे ऐकोन नावे ठेवू लागलो तर उद्या उकिरड्याचे नाव डुकरांस विचारावे लागेल. आणि दोन्ही फळे ठेवावी म्हटले, तर दहा हजार एकावी खुंटी ठोकावी लागेल. आजोबांचा हुकूम महाराजांस ठाऊकच आहे." आजोबांचे नाव निघताच महाराजांची मान खाली गेली. तरुण राजा, पितरांचा धाक. आणि घरात नवा माणूस आल्यास पाट वाढवावा की जुन्यास उठवावे, इतके साधे विचारणारा दरबारात एक नव्हता. आम्हीही नव्हतो. महाराजांनी हुकूम कायम केला. मात्र उठता उठता तबकात उरलेले एक पाखरवन उचलोन त्यांणी बाहीत टाकिले. ते आम्ही पाहिले, आणि शिऊमावशीनेही पाहिले.

मग हिवाळ्यात सरकारी माणसे कुऱ्हाडी घेऊन नदीकाठी गेली आणि एकेचाळीस झाडे पाडिली; इतर गावची सुटी झाडेही त्याच हुकुमाने गेली. शिऊमावशी रडली नाही. माणसे जेवावयास बसली तेव्हां तिने पडलेल्या झाडांच्या पाच डहाळ्या कापिल्या, ओल्या शेवाळात गुंडाळिल्या, आणि वसंतात बांधावरच्या रानटी काटेफळाच्या बुंध्यावर कलमे बांधिली. चार मेली, एक जगले. काटेफळ म्हणजे आंबट, तुरट, घोड्यांच्या दाण्यात घालावयाचे फळ. परंतु त्यास स्वतःची खुंटी होती, म्हणोन त्या बुंध्यास कोणी हात लाविला नाही. येणेप्रमाणे पाखरवन दुसऱ्याच्या नावाखाली, गुन्हेगार तोंड लपवोन राहतो तैसे, आपल्याच बांधावर राहिले. इकडे लाल फळाच्या बागा गावोगाव जाहल्या. ते फळ वाईट नव्हते, हे खरे लिहितो. त्याचा अपराध काही नाही, ते कडकड वाजत आले आणि कडकड वाजत राहिले. परंतु लोक जुन्या चालीने तेच उशाशी ठेवू लागले, आणि वास येत नाही ऐसे म्हणावयास लाजू लागले. पाटीवर पाखरवन आहे, त्या अर्थी वास असलाच पाहिजे, आपल्यालाच सर्दी जाहली असेल, ऐसे म्हणोन काढे पिऊ लागले. बावीस वर्षे एक सबंध राज्य काढे पीत होते!

त्याउपरि महाराज आजारी पडले. अन्न जाईना, औषध लागेना. शरदातल्या एका सकाळी ते वैद्यास म्हणाले, "उशाशी पाखरवन ठेवा. आमच्या तरुणपणी एक बाहीत ठेविले होते, थंडीभर बाहीस वास होता. तो एकदा घ्यावा ऐसे वाटते." ही वार्ता शहरात पसरली, आणि सत्तरी उलटलेल्या शिऊमावशीच्या कानी गेली. ज्या राजाने झाडे पाडिली त्याच्यासाठी म्हातारीने कलमाच्या झाडावरची फळे उतरविली, टोपली डोक्यावर घेतली, आणि दोन कोस चालोन राजवाड्याच्या दरवाज्याशी आली. दरवाज्यावर तिच्याच गावचा पेई नामे पहारेकरी होता. त्यास वास येताच डोळे भरोन आले. तरी आत जाणाऱ्या वस्तूचे नाव विचारावे हा हुकूम. तो म्हणाला, "मावशी, काय म्हणून सोडू?" ती म्हणाली, "पाखरवन." पेई म्हणाला, "पाखरवन तर मघाशीच आत गेलं. दुसरं काही सांगा." ज्या एका नावासाठी तिने बाग गमाविली ते नाव तिने त्या दरवाज्यात गिळिले, आणि म्हणाली, "काटेफळ म्हण. पण त्यांच्या उशाशी पोचव, बाबा." पेईने काटेफळ म्हणोन पुकारिले, आतल्याने पुढल्यास सांगितले, आणि जे काटेफळास नेमिलेले ठिकाण तेथे टोपली पोहोचली. तबेल्यात पोहोचली. मोतद्दार सांगत होते की, त्या दिवशी घोड्यांनी दाण्यास तोंड लाविले नाही; माना वर करोन, नाकपुड्या फुलवोन तैसेच उभे राहिले.

आणि त्याच वेळी महाराजांच्या उशाशी सोन्याच्या वाडग्यात लाल फळे मांडिली होती. महाराजांनी एक उचलोन नाकाशी धरिले, दुसरे धरिले, आणि म्हणाले, "हे पाखरवन नव्हे." दु कोंग आता ऐंशीचे, पुडीची डबी कमरेस तैसीच. त्यांणी वाकोन हुंगिले आणि म्हणाले, "वाहवा! काय घमघमाट आहे, महाराज!" महाराजांनी विचारिले, "नावघरात कोण आहे? पाटी आणा." पाटी घेऊन आम्ही गेलो. महाराजांनी पाटी पाहिली, मग आम्हांकडे पाहिले, आणि बहुत हळू बोलिले, "खरे सांग. हेच पाखरवन?" दु कोंग शेजारी उभे. शिऊमावशी दरवाज्याबाहेर बसली होती हे आम्हांस ठाऊक, टोपली कोठे गेली हेही पेईने धावत येऊन सांगितले होते. तबेला शंभर पावलांवर. आम्ही बोलिलो, "होय महाराज." तेव्हां महाराजांनी फळ वाडग्यात ठेविले आणि म्हणाले, "मग फळाचा दोष नाही. आमचेच नाक मेले." आणि भिंतीकडे तोंड फिरविले, ते पुन्हा इकडे केले नाही.

सारांश इतकाच. नाव एकाचे, दिले दुसऱ्यास. झाडे पाडिली सरकारी हातांनी. आणि राजा आपल्या जिवंत नाकास मेलेले समजोन गेला. शिऊमावशीही त्या थंडीत गेली. झाड बांधावर काटेफळ या नावाने उभे आहे, आणि शरदात त्याची फांदी पाखरांनी दिसेनाशी होते. आम्ही दर साली जाऊन एक फळ बाहीत घालोन आणितो. लिहिणाराने आपले नाव खाली घातले नाही. ते विचारू नये. ज्याने शिडीवर चढोन पाटीखालचे फळ बदलिले आणि उशाशी उभे राहोन होय म्हटले, तो मी.