पंप गाडीत घेतलाय

माझ्या पोटातल्या पंपाबद्दल मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या डहाणू तालुक्यात कोणाला कळत नसेल. ही बढाई नाही. आशागडला आमच्या वाडीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी बनियन वर करून तो समजावून सांगितलाय. एकदा ऐकलेला माणूस सहसा परत येत नाही, हा भाग वेगळा.

चार वर्षांपूर्वी चिकू उतरवताना मी शिडीवरून पडलो. मणक्याला मार बसला आणि पाय लाकडासारखे ताठ व्हायला लागले. गोळ्या घेतल्या की पाय सैल व्हायचे, पण त्यांच्याबरोबर डोकंही सैल व्हायचं. दिवसभर झोप. शेवटी वापीच्या डॉक्टरांनी पोटाच्या कातडीखाली एक चपटी डबी बसवली, बुटाच्या पॉलिशच्या डबीपेक्षा जरा मोठी. तिच्यात औषध. तिच्यातून एक बारीक नळी कातडीखालून कमरेला वळसा घालून मणक्यात जाते आणि औषध थेट मज्जारज्जूपाशी सोडते. नेमक्या जागी पडतं, म्हणून कणभर पुरतं. दर तीन महिन्यांनी पोटावर सुई टोचून डबी भरायची, की झालं.

फक्त ती रिकामी पडू द्यायची नाही. औषध एकदम थांबलं तर पाय पुन्हा ताठ होतात, ताप चढतो आणि माणूस दगावूही शकतो. म्हणून संपत आलं की डबी आतून वाजते.

या वेळी भरायची तारीख टळली होती. माझा मुलगा जतीन सुरतला असतो. रविवारी येऊन तो मला वापीला नेणार होता, पण त्याला काम निघालं. "पुढच्या रविवारी चालेल ना, बाबा?" "चालेल की. भरपूर आहे आत." मी असंच बोलतो. माझी बायको वेणू गेल्यापासून घरात माझ्याशी वाद घालायलाही कोणी नाही, त्यामुळे माझं सगळंच खरं ठरतं.

मंगळवारी सकाळी घरात टीं असा आवाज आला.

मला वाटलं फ्रिज. तासाभराने पुन्हा टीं. इन्व्हर्टर बंद केला. मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. न्हाणीत गेलो तर तिथेही टीं. एखादा आवाज माणसाच्या मागे मागे फिरतोय, हे लक्षात यायला मला चार तास लागले. मग खुर्चीत बसलो आणि पोटावर हात ठेवून वाट पाहिली. टीं.

जतीनला फोन केला, उचलला नाही. मेसेज केला: 'पंप वाजायला लागलाय. आतलं संपत आलंय. ये.'

लगेच उत्तर आलं: 'मीटिंगमध्ये आहे. दिपकला पाठवतो.'

दिपक म्हणजे तळासरीचा मोटर मेकॅनिक. आमच्या बोअरवेलचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि पंप कुरकुरतो, तेव्हा तो येतो. जतीनला तोच पंप वाटला. खरं तर मी तेव्हाच दुसरा मेसेज करायला हवा होता. पण कोणीतरी येतंय म्हटल्यावर मी चहाचं आधण ठेवलं.

दिपक पिकअप घेऊन आला, दोर आणि पाने घेऊन उतरला.

"काका, पंप बाहेर काढून ठेवलाय का?"

"बाहेर कसा काढणार? हा इथे आहे." मी बनियन वर केला.

दिपकने बराच वेळ पाहिलं. पाना मागच्या खिशात घातला. "काका, ही कंपनी मी कधी खोलली नाही."

तेवढ्यात मासळीवाली हिरकणी पाटी घेऊन दारात आली, आणि नेमकी डबी वाजली.

"काका, मोबाईल गिळला काय?"

अर्ध्या तासात आळीतले आठ-नऊ जण ओट्यावर जमले. वेणूच्या तेराव्यानंतर एवढ्या खुर्च्या मी पहिल्यांदाच बाहेर काढल्या. मी सगळं पहिल्यापासून समजावलं. डबी, नळी, मणका. लोक घड्याळाकडे बघत पुढच्या आवाजाची वाट पाहत बसले. वाजला की "वाजला, वाजला" म्हणायचे. मी दोनदा चहा केला. वापीला फोन करायचा राहिलाय, हे मला आठवत होतं. पण केला असता तर सगळे उठले असते.

शेवटी वापीहून नर्सचाच फोन आला.

"काका, तुमची तारीख गेली. अलार्म वाजतोय का?"

"वाजतोय. पण आता घरी पाहुणे आहेत."

ती जे बोलली ते स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. हिरकणीने पाटी खाली ठेवली आणि माझी काठी आणून हातात दिली.

दिपकने मला पिकअपमध्ये पुढे बसवलं. हायवेला लागल्यावर जतीनचा फोन आला.

"दिपक, पंपाचं काय?"

"गाडीत घेतलाय. वापीला नेतोय."

"वापीला कशाला? तिथेच कर ना रिपेअर."

"इथे नाय होणार, जतीनभाई. काकांच्या पोटातून काढावा लागेल."

मग जतीन एवढंच म्हणाला, "हळू चालव. मी निघालो."

वापीला नर्सने सुई टोचून डबी भरली. तिचं काम संपत आलं तेव्हा जतीन पोचला, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. नर्सने पंपाची माहिती वाचायचं यंत्र माझ्या पोटावर धरलं.

"कधीपासून वाजत होता, काका?"

"आज सकाळपासून."

तिने स्क्रीनवर पाहिलं. "यात तर रविवार दाखवतंय. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

हे यंत्र वेळही लिहून ठेवतं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

तुम्हालाही मी मंगळवारच सांगितला, माफ करा. फ्रिज, इन्व्हर्टर, घड्याळ, सगळं खरं घडलं; फक्त रविवारी. आवाज कशाचा ते कळल्यावर मी दोन दिवस गप्प बसून होतो. वाटलं, जतीनचं काम लवकर आटपलं तर तो येईलच.

जतीन पलंगाच्या कडेला बसला. "मला सरळ सांगायचं ना, बाबा. पोटातलं मशीन वाजतंय म्हणून."

"सांगितलं असतं तर तू अँब्युलन्स पाठवली असतीस."

तो उठून नर्सपाशी गेला आणि पुढची तारीख विचारली. तिने कॅलेंडर पाहून सांगितली. जतीनने ती फोनमध्ये टाकली, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी बुधवार येतोय. सुट्टी मिळते का बघतो."