डब्यांचं पासिंग

चालकांचे रक्तदाब वाढल्याचं आमच्या बस आगाराच्या लक्षात आलं, तेव्हा वार्षिक वैद्यकीय तपासणी महिन्यावर आली होती. नापास होणाऱ्याची गाडी काढून घेणार, असं आगारप्रमुखांनी सांगितलं. माझा आकडा सगळ्यांत वर. जन्मभर स्टीअरिंग धरलंय, दुसरं काही येत नाही. माझं धाबंच दणाणलं.

डॉक्टरीणबाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, "कॅन्टीनमध्ये डबाबंद पदार्थ ठेवा. कडधान्यं, मासे, भाज्या. कमी मिठाचे बघून घ्या, कडधान्यं-भाज्या पाण्याखाली धुऊन खा. फळं पाकातली नकोत, रसातली घ्या. फुगलेला किंवा पोचा पडलेला डबा नको." एवढंच सांगितलं होतं हो त्यांनी.

पण आगारात पासिंगशिवाय, म्हणजे तपासून शिक्का मारल्याशिवाय, काही आत येत नाही. 'पास न झालेला डबा खाणारा चालक तपासणीस अपात्र' असं परिपत्रक निघालं. ज्याने आयुष्यभर पत्रा फाटलेल्या बसला 'किरकोळ' असा शेरा मारून रस्त्यावर सोडलं, तो आमचा तपासनीस आता भिंग लावून डब्यांच्या कडांवरून बोट फिरवू लागला.

"हा बाद," तो मला म्हणाला. "पोचा आहे."

"साहेब, माझ्या बसला मागचा बंपरच नाही."

"बस कोणी खाणार आहे का?"



खरा पेच पुढेच होता. मीठ लेबलावर छापल्याइतकंच आहे, हे आत बघितल्याशिवाय सही करता येईना. आत बघायचं तर सील तोडावं लागे. आणि सील तुटलेला डबा नियमाने बाद. तपासनीस बिचारा प्रामाणिक. रोज डबे उघडायचा आणि बाद करायचा. आगारप्रमुखांनी वर कळवलं, की योजना उत्तम चालू असून एकाही चालकाला डबाबंद अन्नाची बाधा झालेली नाही.

आम्ही तोवर फाटकासमोरच्या टपरीवर तळलेलं खात होतो. त्याला लेबलच नसल्याने पासिंगचा प्रश्न येत नव्हता.

"तुमच्या आगाराला वेड लागलंय," बायको म्हणाली. तिने वाटाण्यांचा डबा उघडला, वाटाणे चाळणीत ओतून नळाखाली धुतले, कांदा-टोमॅटो चिरून घातला आणि ताटली पुढे केली. "खा."

तोंडाला पाणी सुटलं होतं. पण नोकरीचा प्रश्न. "अगं, शिक्का नाही त्याच्यावर," मी म्हणालो.

"मग बसा शिक्का चाटत," असं म्हणून तिने ताटली स्वतःकडे ओढली.

तपासणीत मी नापास झालो. गाडीची किल्ली देताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आगारप्रमुख मनाचे मोठे, त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही. डब्यांच्या तपासणीवर मदतनीस म्हणून बसवलं. पुढे कामाचा व्याप वाढला, तसे निम्मे चालक तिथेच आले. खुर्ची आहे, पंखा आहे, मजेत चाललंय.

तुमच्या स्टॉपवर हल्ली बस येत नाही, ती यामुळे. उगाच तक्रार करू नका. रोज पायी कामावर जाऊन तुमचं पोट उतरलंय, रक्तदाबही ताळ्यावर आला असेल. योजनेचे एकमेव यशस्वी लाभार्थी म्हणून वार्षिक अहवालात आम्ही तुमचीच नोंद केली आहे.