सेनापतीचं बक्कल

मुलीला शाळेच्या नाटकात सेनापतीचं काम मिळालं आणि बक्कल मी घरीच धातूचं ओतून देतो, असं मी बोलून बसलो. गेल्या वर्षीचं माझं पुठ्ठ्याचं बक्कल ऐन लढाईत गळून पडलं होतं आणि सगळी शाळा हसली होती.

"बाबा, या वेळी तसं झालं तर मी पुन्हा कधी नाटकात उभी राहणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

पद्धत सोपी आहे. (वाचताना सगळंच सोपं असतं.) मेणाचं बक्कल करायचं, ते प्लास्टरमध्ये गाडायचं, ओव्हनमध्ये तापवून मेण काढून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं कथील ओतायचं. मेण एकदा गेलं की गेलं.

बायकोने काचेवर मेणाची चकती लाटून दिली (लाटणं नवं आणायच्या अटीवर). त्या चकतीवर मी आठ दिवस खपून पुस्तकातल्या चित्रातला सिंह आणि खाली 'विजय' सुईने कोरलं.

"अहो, अक्षरं उलटी का?" बायकोने विचारलं.

"ठसा उलटाच कोरतात. सोळा वर्षं ऑफिसात शिक्के मारतोय मी."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'ला मी एरवी घाबरतो, त्या दिवशी विसरलो.

प्लास्टरचा साचा ओला राहिला तर वाफ कोंडून धातू अंगावर उडतो, असं मी वाचलं होतं. नाटकाच्या दिवशी पहाटेपासून साचा ओव्हनमध्ये आणि मी ओव्हनसमोर. दुपारी रेनकोट, हेल्मेट आणि बागकामाचे हातमोजे घालून मी कथिलाचं भांडं उचललं. मायलेकी दाराआड.

"विम्याचे कागद कुठे ठेवलेत?" आतून बायकोचा आवाज आला.

"कपाटात," मी म्हणालो आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

ओतलं. काही उडालं नाही. गार झाल्यावर साचा फोडला, तर सिंहाच्या मिश्यासुद्धा उमटलेल्या. माझे डोळे भरून आले (हेल्मेटमुळे पुसता येईनात). मुलीने बक्कल बराच वेळ निरखलं.

"बाबा, हे उलटं आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिक्का कागदावर उठायचा असतो म्हणून उलटा. बक्कल कशावरच उठायचं नव्हतं. मेण जसं होतं, तसंच कथील झालं होतं. नाटकाला दोन तास उरले होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मुलीने बक्कल पालथं केलं, काचेकडची कोरी बाजू वर घेतली आणि पट्ट्यावर शिवायला आईच्या हातात दिलं.

लढाई संपेपर्यंत मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. बक्कल जागचं हललं नाही. दिव्यांत ते असं लखलखत होतं की पुढच्या रांगेतले डोळे किलकिले करून बघत होते. पडदा पडल्यावर मुख्याध्यापिका स्वतः आल्या.

"इतकं गुळगुळीत काम घरी होतं? कोणी केलं?"

मी घसा साफ केला, कॉलर सारखी केली.

"आईने," सेनापती म्हणाली. "लाटून."