जोगळेकरकाकांचे नऊ लेख

जोगळेकरकाका रागावले की भांडत नाहीत, लेख लिहितात. स्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत कुणी कचरा चुकीच्या डब्यात टाकला, की जिन्यात दोन पानी जर्मन लेख लागतो. खाली सही: 'एक नागरिक'. अक्षर सगळेच ओळखतात.

बोलण्याची सुरुवातही ठरलेली, जर्मन 'तर'ने. "आल्झो, मुद्दा क्रमांक एक." मुद्दा क्रमांक दोन मी बारा वर्षांत ऐकलेला नाही. पहिल्यालाच त्यांचा आवाज चढतो.

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या सभेत सुलभाताई केळकरांनी मतदानाला हात वर केला. त्यांचे यजमान, केळकरभाऊ, जाऊन तीन महिने झाले होते. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, सभासदत्व भाऊंच्या नावावर होतं. घटनेतच तसं आहे." सुलभाताईंनी हात खाली घेतला आणि उगीच पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या.

काका तडक उठून गेले. मी मंडळाचा सचिव, म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या घटनेचा मसुदा माझ्या हातात. पहिलं कलम: प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतःच्या नावाने सभासद.

"हे मंजूर कोण करणार, काका?"

"अमेरिकेत अख्ख्या देशाची घटना लोकांच्या गळी उतरवायला तिघांनी टोपणनावाने पेपरात लेख लिहिले. मला शंभर घरं पटवता येणार नाहीत?"

त्यांच्या पहिल्या लेखाचा पहिला शब्द होता 'मूर्खांनो'. मी म्हटलं, "काका, पटवायचंय ना?" त्यांनी धुसफुसत तो खोडला आणि 'सुशिक्षित मूर्खांनो' केलं. तेही मी काढलं.

मंडळाच्या ग्रुपवर लेख पडू लागले. लोक हसले, मग चिडले. एकाने लिहिलं, 'इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती.' काकांचा सहावा लेख एका ओळीचा आला: 'तक्रार मांडायलाही मत लागतं.' त्यानंतर हसणं थांबलं. नवव्या लेखानंतर सभा झाली. दोन तृतीयांश मतं हवी होती, चार जास्तच पडली. काकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. "एवढ्याशा गोष्टीला नऊ लेख," म्हणाले, "लाज वाटायला हवी."

नव्या घटनेखालचा पहिला अर्ज सुलभाताईंचा आला. दुसरा काकांनीच आणून दिला. नाव होतं शालिनी पराडकर.

"या कोण?"

"तुझी काकू." काकू दोन वर्षांपासून वृद्धांच्या शुश्रूषागृहात आहेत, हे मला माहीत होतं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जोगळेकर म्हटलं की तिला कळत नाही. नाव विचारलं की माहेरचं सांगते. तेच लिहिलंय. चालेल ना?"

"घटनेत बसतं, काका."

रविवारी सभासदपत्र द्यायला मीही त्यांच्याबरोबर गेलो. काकूंनी नाव दोनदा मोठ्याने वाचलं, बोट फिरवून पाहिलं आणि खूश झाल्या. मग काकांकडे वळून आदराने विचारलं, "आणि आपण?"

"मीही सभासदच," काका म्हणाले, आणि खुर्ची जरा जवळ ओढून बसले.